धक्का कुणाला, कधी आणि कुठे

नमस्कार मंडळी. कॅनडात येऊन पहिला हिवाळा काढला की आइस हॉकी बघणं आलंच, आणि मग आपल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, अहो ते एकमेकांना एवढं आपटतात आणि रेफ्री नुसता बघत बसतो, मग फाउल म्हणायचं तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. एकजण दुसऱ्याला बोर्डवर, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीवर, असा आदळतो की वरची काच थरथरते आणि खेळ आपला चालूच, आणि मिनिटाभराने कुणी नुसती स्टिक आडवी घालून कुणाचा पाय अडकवला की लगेच शिट्टी, दोन मिनिटं बाहेर बस. नुसता जोर बघून निवाडा करायला गेलात तर डोकं भंजाळेल. जोराचा मुद्दा नंतर येतो, आधी बघायचं की धक्का कुणाला दिला, कधी दिला आणि कुठे लागला.

कुणाला, हे सगळ्यात सोपं. ज्याच्याकडे पक, म्हणजे ती रबराची चकती, आहे त्यालाच. कबड्डीत जशी पकड फक्त चढाईवाल्याची करायची, बाकी कुणाला धरून उपयोग नाही, तसंच. ज्याच्याकडे पक नाही त्याला तुम्ही प्रेमाने जरी अडवलंत तरी ते इंटरफिअरन्स, दोन मिनिटं. आणि इथले चांगले कोच पोरांना हेच शिकवतात की चेक, म्हणजे हा अंगाचा धक्का, मारायचा तो माणूस आणि पक वेगळे करायला, माणूस पाडायला नाही. पडला तर पडला.

कधी, इथे खरी गंमत आहे. समजा समोरच्याने पक पास करून टाकला आणि तुम्ही तर आधीच त्याच्या अंगावर सुटलेले आहात, बर्फावर ब्रेक काही असा लगेच लागत नाही, म्हणून पक सुटल्या सुटल्या बसलेला चेक नियमात बसतो, याला म्हणतात चेक फिनिश करणे. पण त्यात अजून एक पाऊल घेतलंत, अजून एकदा पाय मारून वेग घेतलात, की तो लेट हिट. एवढ्याशा फरकावर माणूस बाकावर जाऊन बसतो, आणि रेफ्रीला हे स्लो मोशनमध्ये नाही, तिथल्या तिथे उघड्या डोळ्यांनी ठरवायचं असतं. मला त्यांची दया येते, खरं सांगतो.

आणि कशाने मारायचं तेही ठरलेलं आहे. खांदा चालतो, छाती चालते, खाली वाकून कमरेने उचलता येतं. कोपर नाही, गुडघा नाही, दोन हातांत स्टिक धरून तिच्या दांड्याने ढकलणं नाही. हे शेवटचं, क्रॉस-चेकिंग, गोलसमोरच्या गर्दीत वर्षानुवर्षं सर्रास चालायचं, २०२१ च्या सीझनपासून एनएचएलने, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या लीगने, रेफ्रींना सांगितलं की जरा कडक व्हा, तरी चालतंच थोडंफार. लांबून धावत येऊन किंवा उडी मारून आपटलं तर चार्जिंग. समोरचा सावध नसताना त्याला बोर्डवर धोकादायक आदळलं तर बोर्डिंग. तुमच्यापैकी कुणाची पोरं इथे खेळत असतील तर काही लीग्समध्ये जर्सीच्या पाठीवर, नंबरच्या वर, लाल रंगाचा छोटा ‘स्टॉप’चा पॅच शिवलेला बघितला असेल. मागून येणाऱ्या पोराला तो पॅच दिसला म्हणजे पाठ दिसते आहे, थांब, ढकलू नको. मला हा सगळ्या रूलबुकपेक्षा शहाणा वाटतो.

आता कुठे. इथे मी तुम्हाला ८ मार्च २०११ ची मॉन्ट्रियलची मॅच सांगतो. बॉस्टनचा झडेनो चारा, सहा फूट नऊ इंच, आणि मॉन्ट्रियलचा मॅक्स पॅचिओरेट्टी, दोघं खेळाडूंच्या बाकांसमोरून पकच्या मागे पळतायत, पॅचिओरेट्टीने पक चाराच्या पुढे ढकललेला, म्हणजे पक आता त्याच्याकडे नाही, आणि चाराने त्याला बोर्डकडे रेटलं. असं रेटणं एका मॅचमध्ये कितीतरी वेळा होतं. पण बाकांसमोर काच नसते, बाक संपला की काच परत सुरू होते आणि ती जिथे सुरू होते तिथे उभा खांब होता, त्यावर त्याचं डोकं आपटलं. मानेचा मणका फ्रॅक्चर, वर जबर कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा. चाराला इंटरफिअरन्सची पाच मिनिटं आणि मॅचबाहेर, बस, पुढे एका मॅचचंही सस्पेन्शन नाही. मग जो काही दंगा झाला, एअर कॅनडाने लीगला पत्र लिहून स्पॉन्सरशिप काढून घेऊ म्हटलं, पोलिसांनी तपास केला, शेवटी गुन्हा दाखल झाला नाही. पुढच्या सीझनपासून त्या कोपऱ्यांना गोलाई असलेली काच आली. तोच धक्का दहा फूट अलीकडे बसता तर आज कुणाला आठवला नसता. पॅचिओरेट्टी परत आला आणि पुढच्या सीझनमध्ये ३३ गोल मारले, हे आपलं बरं झालं.

डोक्याचं मात्र वेगळं आहे, तिथे विचारच उलटा झालाय. आधी जबाबदारी मार खाणाऱ्याची होती. मान वर ठेव, मान खाली घालून मधून आलास तर तुझी चूक, हे लहानपणापासून ऐकवायचे. २६ मे २००० ला फिलाडेल्फियात एरिक लिंड्रॉस मान खाली घालून ब्लू लाइन, म्हणजे रिंकवरची आडवी निळी रेघ, ओलांडत होता आणि न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने खांदा थेट जबड्यावर घातला. लिंड्रॉस आधीच्या कन्कशनमधून नुकताच परत आलेला. पेनल्टी नाही, आणि त्या वेळच्या नियमाने बरोबरच होतं ते, कित्येक जण आजही तो क्लीन हिट म्हणून कौतुकाने दाखवतात. मला नाही बघवत.

मग मार्च २०१० मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सवार्डला नजरेआडून येऊन डोक्यावर मारलं. तेव्हाही शिक्षा शून्य, कारण पुस्तकात असा नियमच नव्हता. त्यावर एवढा आरडाओरडा झाला की रूल ४८ आला, म्हणजे डोकं हाच माराचा मुख्य भाग असेल आणि ते टाळता आलं असतं तर तो चेक बेकायदा. सवार्डला जानेवारी २०११ मध्ये परत लागलं आणि नंतर तो खेळलाच नाही. आता त्या ‘टाळता आलं असतं’ वर दर आठवड्याला भांडणं होतात, दोन्ही बाजूचे फॅन तोच व्हिडिओ थांबवून थांबवून बघतात आणि दोघांना वेगळंच दिसतं. पण निदान प्रश्न आता मारणाऱ्याला विचारला जातो.

मारामारीबद्दल फार बोलत नाही, ती खेळाचा भाग आहे की नाही यावर इथे घराघरात वाद आहेत, एनएचएलमध्ये पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि ऑलिंपिकमध्ये थेट मॅचबाहेर काढतात. पण एक केस सांगितलीच पाहिजे. फेब्रुवारी २००४, कोलोराडोचा स्टीव्ह मूर व्हँकुव्हरच्या कॅप्टनला, मार्कस नॅस्लंडला, चेक मारतो. पेनल्टी नाही, लीग म्हणते ठीक आहे. व्हँकुव्हरच्या पोरांना ते काही पटत नाही. तीन आठवड्यांनी टॉड बर्टुझी मूरला मागून धरतो, डोक्यावर बुक्का घालतो आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळतो. मूरच्या मानेचे मणके मोडले, करिअर तिथेच संपलं. बर्टुझीने कोर्टात गुन्हा कबूल केला, दिवाणी दावा २०१४ पर्यंत चालून तडजोडीत मिटला. रिंकवर उतरलात म्हणजे चेक खायला तयार आहात हे कोर्टही मानतं, पण तीन आठवडे जुना हिशोब मागून चुकवणं त्यात येत नाही.

बायकांच्या हॉकीत १९९० च्या पहिल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला, ओटावात, बॉडी चेकिंग होतं, नंतर काढून टाकलं, आणि मग वर्षानुवर्षं या मुली फक्त अंगाने वाट अडवून, कोपऱ्यात दाबून पक काढायला शिकल्या. त्यातली कला बघा एकदा, धक्क्यापेक्षा अवघड आहे. आता स्वीडनच्या लीगने चेकिंग परत आणलंय आणि २०२४ ला सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएल या इथल्या बायकांच्या लीगमध्येही ते आहे, तिथल्या मॅचेस बघाल तर बोर्डचा आवाज पुरुषांइतकाच येतो.

आणि ज्यांची पोरं लहान आहेत त्यांच्यासाठी. क्यूबेकमध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटात चेकिंग बंद होतं, अल्बर्टात चालू होतं, त्यामुळे संशोधकांना तुलना करता आली, आणि २०१० मध्ये छापून आलं की अल्बर्टाच्या पोरांना कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त. २०१३ पासून हॉकी कॅनडाने त्या वयात ते देशभर बंद केलं. तेव्हा तुमच्या बारा वर्षांच्या पोराला कुणी कोच ‘घाल अंगावर’ म्हणत असेल तर लीगच्या ऑफिसला सरळ जाऊन विचारा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ, मागच्या काकूंचा हात मघापासून वर आहे.