दुर्बीण माळ्यावर टाकण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढ लागला. आता नवरात्रापर्यंत नाशिकच्या आकाशाचा काही भरवसा नाही. ज्यांच्या घरी दुर्बीण आहे ते या दिवसांत ती गुंडाळून ठेवतात, आणि दुर्बीण बिघडते ती बहुधा या गुंडाळण्यातच.

जुन्या नाशकात एका वाड्यात एक निवृत्त मास्तर राहतात. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला होता, तेव्हा त्यांनी घरीच सहा इंची आरशाची दुर्बीण केली. घरी म्हणजे अगदी काच घासण्यापासून. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, कित्येक महिने. पुढे मास्तर थकले, दुर्बीण पडून राहिली. सूनबाई फार टापटिपीच्या. त्यांनी आरसा काढून फ्लॅनेलमध्ये गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला गाठ. आयपीस, म्हणजे ज्याला डोळा लावतो ती भिंगाची छोटी नळी, चामड्याच्या डबीत. सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, वर मूठभर डांबरगोळ्या, आणि ट्रंक माळ्यावर. बाहेर राहिला तो एकटा फाइंडर, म्हणजे मोठ्या नळीवर बसते ती छोटी दुर्बीण. ती नातवाने खेळायला घेतली होती. खेळून झाल्यावर ती सोप्यातल्या खुंटीवर, छत्र्यांशेजारी लटकली ती लटकलीच.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू दिसू लागला. नातू आता कॉलेजात. त्याने ट्रंक उतरवली आणि मला बोलावलं. झाकण उघडलं, तर आधी डांबरगोळ्यांचा भपकारा, मागोमाग कुबट वास. पिशवीची गाठ सोडली, फ्लॅनेल दमट. आरशावर ठिपकेच ठिपके, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा जागोजागी गेलेला. आयपीस उजेडाकडे धरला, तर भिंगावर पांढरे तंतू पसरलेले. बुरशी!

सूनबाई म्हणाल्या, "अहो, मी तर वारासुद्धा लागू दिला नव्हता."

म्हटलं, "वहिनी, तेच तर झालं."

तेवढ्यात नातवाने खुंटीवरून फाइंडर काढला. वर बोटभर धूळ. ब्लोअरने उडवली, आत पाहिलं, तर भिंग लख्ख! एक संध्याकाळ आभाळ मोकळं मिळालं, तसे आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो. मास्तरांनाही गाडीत घातलं. सूर्य बुडाला, पश्चिमेला शुक्र दिसला, आणि त्याच्या उजवीकडे, जरा वर, शेपटीसकट धूमकेतू. अशा लांब शेपटीला छोटी दुर्बीणच बरी, तिच्यात आकाशाचा मोठा तुकडा मावतो. मास्तरांनी फाइंडर डोळ्याला लावला आणि म्हणाले, "हॅलेपेक्षा हा बराच बरा की रे!" शेजारी काही मंडळी गाडीचे हेडलाइट चालू ठेवून धूमकेतू शोधत होती, त्यांना काय दिसणार! हे दिव्यांचं वेड शहरात तर इतकं वाढलंय, की कुंभमेळ्यापर्यंत चंद्र तरी दिसेल ना, अशी मला शंका येते. असो.

तर मुद्दा असा. पावसाळ्यात हवेत ओल असणारच, पण कोंडलेली ओल जात नाही. आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते. बोटाचा तेलकट ठसा, धूळ, एवढं तिला खायला पुरतं. तिच्यातून आम्ल सुटतं आणि ते काच खातं, मग बुरशी पुसली तरी डाग राहतो. चामडं, फ्लॅनेल, पेटीतला फोम, हे सगळं ओल धरून ठेवणारं. आणि डांबरगोळी हवेत उडते ती परत काचेवरच बसते. ती गरम कपड्यांना ठेवा, भिंगाला नको.

मग करायचं काय? एकतर पूर्ण बंद, नाहीतर पूर्ण मोकळं. अर्धवट नको.

मोकळं म्हणजे आपली कांदाचाळ आठवा: जमिनीपासून उचललेली, खालून-बाजूने वारा खेळणारी. तशी दुर्बीण जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, वर सुती चादर, प्लास्टिक नाही. नळी आडवी ठेवा, आरशावर धूळ कमी बसते. पूर्वी कपाटात पिवळा झिरोचा बल्ब लावून ठेवत, त्याच्या उबेने हवा कोरडी राहायची. एलईडीने ते होत नाही. नवं ते सगळंच चांगलं असं नाही, हे माझं जुनं मत.

आयपीस, भिंगं मात्र बंद डब्यात. रबरी कडेचा हवाबंद डबा आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. बुटांच्या खोक्यातली चिमूटभर पुडी नव्हे, चांगलं वाटीभर. भिंगं आधी पूर्ण कोरडी हवीत. केशरी जेल हिरवं झालं की ते ओलीने भरलं. ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर तास-दोन तास तापवा, पुन्हा केशरी होतं. निळं जेल गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. काटा चाळीस-पन्नासच्या आसपास असला की झालं.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या श्रोत्यांनी जेल जास्त वेळा तपासावं, तुमच्याकडचा पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी दांडगा. उघडीप मिळेल त्या दिवशी दुर्बीण हवेशीर सावलीत काढा. उन्हात नको, भिंगातून ऊन एकवटलं तर पडदा पेटेल.

मास्तरांच्या आरशाची काच शाबूत आहे. मुलामा नवा चढवता येतो, ते काम निर्वात यंत्रात होतं. आयपीस मात्र गेला.

आणि हो, मोटरवाली दुर्बीण असेल तर तिच्या हँड कंट्रोलरमधले, म्हणजे ती फिरवायच्या रिमोटमधले, सेल आजच काढून ठेवा. ते पाझरतात. नमस्कार.