हिरोच्या मागचा डोंगर

नमस्कार मंडळी. माझी ओळख करून देताना 'सिनेमाच्या अभ्यासक' असं म्हटलं गेलं, ते आधी दुरुस्त करते. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, बस. सिनेमा तुमच्यासारखाच बघते, फक्त नजर जरा बिघडलेली आहे. हिरो हिरोइनचा हात धरून जीव तोडून काहीतरी सांगत असतो आणि मी त्याच्या खांद्यावरून मागचा डोंगर बघत असते. घरी यावरून बोलणी खाते. २०१० साली 'दबंग' बघायला गेलो होतो, चुलबुल पांडे ऐन रंगात आलेला, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अहो, हे तर आपलेच डोंगर!" पुढच्या रांगेतल्या मुलांनी वळून बघितलं. यजमानांनी उरलेला सिनेमा मान खाली घालून पाहिला.

पण माझं काय चुकलं, सांगा. सिनेमातलं लालगंज हे उत्तर प्रदेशातलं गाव. गंगेच्या मैदानात गाडीनं दिवसभर चाला, क्षितिजावर टेकाड दिसायची मारामार. नदीनं आणून टाकलेला गाळ, शेकडो मीटर खोल. तिथे दगड नाही म्हणून घरं विटांची. आणि पडद्यावर पाहावं तर काळ्या दगडाचे घाट आणि मागे सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. या पायऱ्या म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक साचलेले. इंग्रजांच्या काळापासून या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' मुळात स्वीडिश, अर्थ जिना. तो जिना उत्तर प्रदेशात कुठून येणार? तो आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाईचा आहे.

वाईनं आजवर किती सोंगं घेतली आहेत बघा. प्रकाश झांचा 'गंगाजल' २००३ चा. गोष्ट बिहारमधल्या तेजपूरची, तिच्या मुळाशी भागलपूरचं १९७९-८० चं ते भयंकर अंधकांड, पोलिसांनी कैद्यांचे डोळे निकामी केले ते, आणि चित्रीकरण सातारा जिल्ह्यात. पुढच्याच वर्षी 'स्वदेस' आला, त्यातलं चरणपूर पुन्हा उत्तर प्रदेशातलं. मग 'दबंग'. २०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तर वाई थेट तमिळ झाली. एका गावानं दहा वर्षांत तीन राज्यं पालथी घातली, आणि जागची हलली नाही.

वाईच का? सुंदर आहे म्हणून, असं उत्तर लोक देतात. ते अर्धंच खरं आहे. सुंदर गावं पुष्कळ आहेत. पण मुंबईहून रात्री निघालेला जनरेटरचा ट्रक सकाळी पोचला पाहिजे. दीड-दोनशे माणसांच्या युनिटची झोपायची सोय पाहिजे, ती पसरणीचा घाट चढला की पाचगणीला तयार आहे. आणि रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा हेरायला, आलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात नदी, घाट, देऊळ, वाडा, उसाचं शेत, वडांच्या सावलीतला रस्ता आणि डोंगर हे सगळं मिळालं, तर तो दुसरीकडे कशाला जाईल? सकाळी पंचायतीचा सीन, दुपारी पाठलाग, संध्याकाळी घाटावर गाणं, आणि सामान हलवायचा खर्च जवळजवळ नाही. निर्मात्याच्या दृष्टीनं हेच खरं सौंदर्य.

बरीच वर्षं झाली, सहावीची सहल घेऊन मी वाईजवळच्या मेणवलीला गेले होते आणि नेमकं शूटिंग चालू होतं. दोरी बांधलेली, आत सोडेनात. मुलं हिरमुसली, पण मुलंच ती, दोरीबाहेरूनच तपासणी सुरू झाली. रंगारी दुकानांच्या पाट्या हिंदी करत होता. मी त्याला विचारलं, तुमचं मोठं काम कोणतं? म्हणाला, "बाई, ळ शोधायचा." हिंदीच्या पाटीवर ळ चालत नाही ना! भिंतीवर कुठे 'गूळ' दिसला, 'माळी' दिसला, की पुसा. पलीकडे एका जीपच्या एमएच ११ वर यूपीची नंबरप्लेट चढवलेली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि त्या जीपचा ड्रायव्हर ओरडला, "आलो रं!" आमचा एक पोरगा मला म्हणतो, "बाई, गाडी यूपीची आणि ड्रायव्हर आपला कसा?" तमिळ सोंगाच्या वेळी त्या रंगाऱ्याचं काय झालं असेल, हा विचार मला अजून पडतो. तमिळमध्ये ळ चालतो, पण आता अख्खी लिपीच चालत नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती सिनेमाच्या आधीची आहे. वाईला लोक दक्षिण काशी म्हणतात. अठराव्या शतकात सरदार रास्त्यांनी कृष्णेकाठी देवळं बांधली. ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे, १७६२ चा. त्याच्या शेजारी कुणाचं देऊळ आहे? काशीविश्वेश्वराचं. ज्याला काशीची वाट परवडत नव्हती, त्यानं कृष्णेत बुडी मारून विश्वेश्वराला बेल वाहावा आणि काशी केल्याचं समाधान मानावं. म्हणजे उत्तरेची भूमिका करायला वाई अडीचशे वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. सिनेमावाले फार उशिरा आले. फरक फक्त दगडाचा. काशीच्या घाटांचा दगड चुनारचा, पिवळसर वालुकाश्म. आपला काळा कातळ. पीओपी आणि प्लायवुडनं पाहिजे ती वास्तू उभी करता येते, पण अख्ख्या घाटाचा रंग बदलायचा तर अवघड.

तुम्ही म्हणाल, बाई नुसत्या चुका काढतात. नाही. 'स्वदेस'मधला डोंगर ही चूक नाही, असं माझं मत आहे, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. गोष्ट काय आहे? अमेरिकेतून आलेला इंजिनिअर गावकऱ्यांना हाताशी धरून झऱ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो. पाण्यावर वीज करायची तर पाणी वरून खाली पडलं पाहिजे. पडायला उंची लागते. नुसत्या सपाट मैदानात तो टर्बाइन फिरवणार कशावर? म्हणजे उत्तर प्रदेशातलं गाव म्हणून तो डोंगर खोटा, पण गोष्टीसाठी तो नसला तर सिनेमाच संपला. आणि या गोष्टीला जिथून प्रेरणा मिळाली असं सांगतात, ते बिलगाव उत्तर प्रदेशात नाहीच. ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या खोऱ्यात आहे. तिथल्या आदिवासींनी श्रमदान करून धबधब्याच्या पाण्यावर छोटं वीजकेंद्र उभारलं होतं. आता हिशोब मांडा. गोष्ट सातपुड्यातली, नाव उत्तर प्रदेशाचं आणि घाट कृष्णेचा, मेणवलीचा. मेणवलीला बसेस भरून लोक येतात. बिलगाव बघायला किती जण जातात?

आता जरा दक्षिणेला जाऊ. 'शोले'चं रामगढ कर्नाटकात आहे, रामनगर इथे, बेंगळुरूहून म्हैसूरला जाताना साधारण पन्नास किलोमीटरवर. ही जागा शोधली कला-दिग्दर्शक राम येडेकरांनी. डाकू म्हटलं की चंबळच्या मातीच्या घळी, अशी तोवरची रीत होती. येडेकरांनी घळी सोडल्या आणि गोल गरगरीत धोंड्यांचे डोंगर निवडले. माझ्या मते या सिनेमातली ती सगळ्यात धाडसी निवड आहे, आणि तिच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये चित्रीकरण सुरू झालं. महामार्गापासून तिथवर रस्ता करावा लागला, आणि माळावर अख्खं गाव बांधून काढलं. पाण्याची टाकी, देऊळ, ठाकुरची हवेली, सगळं. पुढे तिथल्या एका भागाला काही काळ लोक सिप्पीनगर म्हणत.

गब्बर ज्या दगडांवरून येरझाऱ्या घालतो, ते दगड ग्रॅनाइटचे. वय सुमारे अडीच अब्ज वर्षं. आपला सह्याद्री त्यापुढे तान्हं बाळ, साडेसहा कोटींचा. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर हळूहळू थंड होतो. वरचं ओझं झिजून गेलं की त्याला भेगा पडतात, कोपरे झडतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात आणि आत उरतो गोल धोंडा. म्हणून तिथे एकावर एक रचून ठेवल्यासारखे धोंडे दिसतात. कॅमेऱ्याला यापेक्षा काय हवं? माणूस त्यांच्यापुढे मुंगीएवढा दिसतो, आणि कुठल्या धोंड्यामागून कोण निघेल याचा नेम नाही.

आता गंमत ऐका. त्याच सिनेमात मालगाडीवरच्या हल्ल्याचा तो प्रसिद्ध प्रसंग आहे. तो रामनगरजवळचा नाही. तो आपल्या पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाला, त्याला सुमारे सात आठवडे लागले. गाडी धावते बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या लाव्हाच्या काळ्या दगडात, आणि गोष्ट पोचते ग्रॅनाइटमध्ये. दोन दगडांत जवळजवळ अडीच अब्ज वर्षांचं अंतर, आणि आपण तीन तास बसून एकदाही हरकत घेत नाही. मीसुद्धा पहिल्या वेळी घेतली नव्हती, खोटं कशाला बोलू. अमजद खान समोर असताना दगडाकडे कोण बघतो?

याच रामनगरच्या परिसरात इंग्रज दिग्दर्शक डेव्हिड लीन आले, १९८४ चा 'अ पॅसेज टू इंडिया' करायला. त्यातल्या मराबार गुहा म्हणजे खऱ्या बिहारमधल्या बराबर गुहा, मौर्यकाळातल्या, आतून आरशासारख्या घासून गुळगुळीत केलेल्या. वाईला बिहारचं सोंग निभावणं जड गेलं, रामनगरला ते सहज जमलं. कारण साधं आहे. बराबरच्या टेकड्याही त्याच जातीच्या कठीण खडकाच्या. अशी जोडी जमली की मला मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आज रामनगरच्या रामदेवर बेट्ट नावाच्या टेकडीवर गिधाडांचं अभयारण्य आहे, २०१२ पासून. डाकू गेले, गिधाडं राहिली.

उलट उदाहरण द्यायचं तर 'चेन्नई एक्सप्रेस'चं. गाडी धबधब्याच्या कुशीतल्या पुलावर थांबते. धबधबा कुठला? दूधसागर, गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेवरचा. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूर, वाडी, गुंतकल अशी पठारावरून जाते. ती दूधसागरला पोचली तर ड्रायव्हरला निलंबितच करायला हवं. पण तीनशे मीटरवरून दुधासारखं पाणी कोसळतंय आणि त्याच्या पोटातून रूळ गेलेत, असं ठिकाण देशात दुसरं दाखवा. दिग्दर्शकानं नकाशा बाजूला ठेवला. मीही एकदा ठेवला.

'तुंबाड' बघितलात ना? २०१८ चा. अखंड पाऊस, न थांबणारा, कुजवणारा पाऊस. त्यातला तो ओला, शेवाळलेला वाडा सासवडचा आहे, सरदार पुरंदऱ्यांचा. सासवड म्हणजे पुरंदर तालुका. तिथल्या लोकांना विचारा पावसाचं. सह्याद्रीनं ढग अडवल्यावर जे उरतं, ते यांच्या वाट्याला. टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातल्या वाड्यानं पावसाच्या शापाची भूमिका करावी, हे मला फार लागलं.

अभिनय न करणारी ठिकाणं थोडी. 'सैराट'मधलं करमाळा करमाळाच आहे. कमलाभवानीच्या देवळाजवळची शहाण्णव पायऱ्यांची विहीर, उजनीच्या फुगवट्याचं पाणी, ऊस, केळी. तिथे पाट्या पुसाव्या लागल्या नाहीत. ळ होता तिथेच राहिला.

आणि हे सोंगाचं काम पहिल्या दिवसापासूनचं आहे बरं का. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या बाह्यचित्रीकरणासाठी मंडळींना वांगणीला पाठवलं. आज कर्जत लोकलनं जाता येतं, ते वांगणी. १९१२ साल. ढाली-तलवारी घेतलेली, मिशा लावलेली माणसं गावात शिरल्यावर लोकांना वाटलं दरोडेखोर आले. फौजदारानं सगळ्यांना धरून ठेवलं. मागून फाळके पोचले, कॅमेरा दाखवला, समजूत घातली, तेव्हा अयोध्येच्या राजाची सुटका झाली.

वेळ होत आली, चहाची भांडी वाजायला लागलीत. शेवटचं एक. मेणवलीला गेलात तर 'स्वदेस'चा घाट बघाच, तिथली मुलं हात धरून दाखवतात. 'इथं शाहरुख बसला होता' म्हणतात. मग थोडं वर मेणेश्वराच्या देवळाकडे चला. हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालेलं, वाडा त्यांचाच. देवळाजवळ दगडी चौकटीत एक मोठी घंटा आहे. तिच्यावर साल आहे १७०७ आणि कडेवर बाळ येशू घेतलेली मेरी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आल्या, त्यातली ही. वसईच्या समुद्रावरून कृष्णेच्या काठी आली आणि शंकराच्या दारात राहिली. मी गेले होते तेव्हा घाटावर रांग लावून फोटो चालले होते, घंटेपाशी कुणीच नव्हतं. मी खाली उभी राहून मेरीचा चेहरा शोधत होते. बाळ लवकर सापडलं.