तुझं तू वाढून घे

(दृश्य: मंगळवार पेठेतलं एक स्वयंपाकघर. रविवार, दुपारचा एक. गॅसवर दोन पातेली, तांबडा आणि पांढरा.)

रविवारच्या मटणाला घरात पाहुणी आली की कोल्हापुरात ती लगेच ओळखू येते. तिच्या वाटीतला पांढरा रस्सा निम्म्यावर आला, की पळी पुढं येते. "घे की गं, लाजतीस काय?" नको म्हटलं तरी वाटी भरते. घरच्या लेकीला असं कुणी विचारत नाही. ती उठते, झाकण काढते, हवं तेवढं घेते. आग्रह परक्यांना असतो.

आता समजा, लेकीची एक 'मैत्रीण' चार वर्षं या घरात येते आहे. दर वेळी तिची वाटी कुणीतरी भरतं. आणि एका रविवारी, भाकरी थापता थापता, मागे वळूनही न बघता आई तिला म्हणते, "तुझं तू वाढून घे गं, माझे हात भरलेत." घरात मोठं काहीतरी घडून गेलं आणि कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. कॅमेरा लावायची जागा हीच.

(दृश्य: पळी ठेवल्याचा आवाज. काळा पडदा.)

बायकांचं एकमेकींवरचं प्रेम आणि त्यांचं घर, या विषयावर आशियात पुष्कळ चित्रपट झाले. त्यातले जे टिकले ते बहुतेक स्वयंपाकघरात, आजारपणात नाहीतर घराच्या कागदपत्रांत घडतात. आपल्याकडच्या हिंदी चित्रपटाला मात्र भाषणाचा मोह फार. 'एक लडकी को देखा तो ऐसा लगा', 2019. पंजाबातलं मोगा, मुलगी स्वीटी, बाप बलबीर चौधरी. मुलीची गोष्ट नाटकातून रंगमंचावर येते आणि सगळ्या गावादेखत बापाचं मन वळतं. मोठे नट होते, चित्रपट घराघरांत पोचला, हे त्याचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. पण त्यातला खरा धागा वेगळाच आहे. या बापाला स्वयंपाकाची हौस असते आणि त्याची आई त्याला चुलीपाशी फिरकू देत नाही. स्वतःच्या घरात चोरून फोडणी देणारा माणूस मुलीचं चोरून जगणं समजू शकतो. हा धागा पुढं नेला असता, तर नाटकाची गरजच पडली नसती.

असे प्रसंग फसतात ते बहुधा चित्रणातच. आईच्या डोळ्यांवर क्लोजअप, मग मुलीच्या डोळ्यांवर, मग खालून व्हायोलिन. दोघी एकेकट्या चौकटीत असल्या की प्रेक्षकाला फक्त रडणं दिसतं, दोघींमधलं अंतर दिसत नाही. ते दाखवायचं तर दोघींना एकाच चौकटीत घ्यावं लागतं, मधे टेबल नाहीतर उंबरा ठेवून. आणि कापाकापी न करता वीस-पंचवीस सेकंद थांबावं लागतं. दोघींतली एक काहीतरी काम करत असेल तर उत्तमच. मेथी निवडणाऱ्या बाईला खोटा अभिनय करायला हात मोकळे नसतात.

(दृश्य: जुन्या थिएटरचा रिकामा तिकीट कट्टा.)

'फायर'. दीपा मेहता, 1996. राधा शबाना आझमी, सीता नंदिता दास. दिल्लीतलं एकत्र कुटुंब, घराला लागून खाण्याच्या पदार्थांचं दुकान, दोघी जावा दिवसभर रांधतात. वाचा गेलेली, अंथरुणाला खिळलेली सासू, बीजी, हातातली घंटा वाजवून हाक मारते. बोलू न शकणारं कुटुंब घंटेवर कसा हुकूम चालवतं, हे त्या एका वस्तूनं सांगितलं. शेवटी स्वयंपाकघरातच राधाच्या साडीला आग लागते आणि नवरा बायकोला सोडून आईला उचलून बाहेर नेतो. या चित्रपटात स्वीकार नाहीच. राधा घर सोडते आणि निजामुद्दीनच्या दर्ग्यात सीतेला भेटते.

भारतात तो नोव्हेंबर 1998 मध्ये लागला. डिसेंबरात मुंबई-दिल्लीत थिएटरांची तोडफोड झाली, चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी 1999 मध्ये काहीही न कापता परत आला. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली होती, ते वेगळं.

त्या गोंधळात एक गोष्ट विसरली गेली. मराठीत हा विषय त्याआधी पंधराएक वर्षं येऊन गेला होता. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं. मित्रा म्हणजे सुमित्रा, ही भूमिका रोहिणी हट्टंगडींची. पाठोपाठ 1982 मध्ये जब्बार पटेलांचा 'उंबरठा'. त्यातल्या महिलाश्रमात दोन बायकांचं नातं उघडकीला येतं. स्मिता पाटीलची सुलभा त्यांना हाकलून द्यायला तयार नाही, पण तिच्याकडेही भाषा आहे ती उपचाराची. त्या काळातली सर्वांत सहृदय व्यक्तिरेखासुद्धा तेवढ्याच पायरीपर्यंत पोचली होती.

(दृश्य: बर्फ. रेल्वेचे रूळ. मग रंकाळ्यावरची संध्याकाळ.)

पुढची पायरी बघायची तर कोरियात जावं लागतं. 'मूनलिट विंटर', 2019, दिग्दर्शक लिम दे-ह्युंग. युनही ही घटस्फोटित आई, एका कारखान्याच्या खानावळीत राबणारी. तरुणपणी तिचं ज्या मैत्रिणीवर प्रेम होतं, ती जून आता जपानमधल्या ओतारू गावात असते. जूननं लिहिलेलं आणि कधीच न टाकलेलं पत्र तिची आत्या गुपचूप पोस्टात टाकते. इकडं युनहीची मुलगी सेबोम ते आईच्या आधी वाचते. वाचते, आणि बोलत नाही. उलट आईला घेऊन ओतारूला सहलीला जायचा बेत आखते. आत्या आणि मुलगी, दोघींनी मिळून केलं ते इतकंच: एक पत्र टाकलं, एक सहल ठरवली. कुणी कुणाला 'मला माहीत आहे' म्हणालं नाही. मराठी घरात हे कुणाला परकं वाटणार नाही. आपल्याकडेही आत्या-मावश्या अशाच कामाला येतात.

आणि आई स्वतः? त्यासाठी 'कन्सर्निंग माय डॉटर', 2023, दिग्दर्शक ली मी-रांग, किम ह्ये-जिनच्या कादंबरीवरून. आई वृद्धाश्रमात सेविका. भाडं परवडत नाही म्हणून मुलगी आईच्या जुन्या घरात राहायला येते, सोबत सात वर्षांपासूनची तिची जोडीदार, तीही बाईच. आई ज्या म्हातारीची शुश्रूषा करते, तिनं जन्मभर दुसऱ्यांसाठी केलं आणि आता तिला विचारणारं कुणी नाही. आई तिचे लंगोट बदलते आणि तिच्या जागी आपली मुलगी बघते.

कोल्हापुरात या भीतीला नेमकं वाक्य आहे: "पुढं तुझं कोण बघणार?"

धर्म, संस्कार, लोक काय म्हणतील, हे सगळं आधी येतं. पण खोदत गेलं की तळाला बहुधा हेच लागतं. आणि या प्रश्नाला भाषणानं उत्तर देता येत नाही. कोण कुणाचं बघतं, हे दिसावं लागतं. ती म्हातारी शेवटी घरी आणली जाते. मग त्या एका घरात चार बायका, आणि रक्ताचं नातं फक्त दोघींत. तर्क आईच्या डोळ्यांसमोर चालतो-फिरतो. ती हरली असं चित्रपट म्हणत नाही, पूर्ण पटलं असंही म्हणत नाही. म्हणूनच तो खरा वाटतो.

(दृश्य: स्टीलचा कप. त्याच्या कडेवर बोट.)

'गीली पुच्ची', 2021, नीरज घायवान, 'अजीब दास्तान्स'मधला एक भाग. कारखान्यात मशीन चालवणारी भारती मंडल, ऑफिसात नव्यानं आलेली प्रिया शर्मा. दोघींत ओढ आहे, आणि मधे जात आहे. प्रियाच्या सासरी भारतीला चहा स्टीलच्या कपात येतो, बाकीच्यांचे कप वेगळे. बायकांच्या प्रेमावर बोलताना 'कुटुंब स्वीकारतं का' एवढंच विचारणारे चित्रपट हा कप विसरतात. कुणाला स्वीकारतं, कुठल्या भांड्यात, हेही त्याच प्रश्नात येतं. हा कप कुठून येतो हे सांगायला आपल्या गावाला दिल्लीहून कुणी यायची गरज नाही.

(दृश्य: संगणकाचा पडदा, सबटायटलची टाइमलाइन.)

हे चित्रपट आई-वडिलांना दाखवायचे तर पहिली अडचण इंग्रजी सबटायटलची. मराठी करायची झाली तर एका वेळी दोनच ओळी, ओळीला पस्तीस-चाळीस अक्षरं. साठीच्या प्रेक्षकाला दोन ओळींसाठी किमान पाच सेकंद लागतात. देवनागरीत खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, म्हणून ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त. फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनात जतन केली नाही, तर ऐन प्रसंगात पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हं उमटतात.

खरी चूक शब्दांत होते. 'पार्टनर'चं 'भागीदार' केलं की दोघी मिळून किराणा दुकान चालवतात असं वाटतं. 'मैत्रीण' लिहिलं की आईला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. 'जोडीदार' चालतो. सर्वांत नाजूक काम 'तू' आणि 'तुम्ही'चं. कोरियन भाषेत आदराची आणि सलगीची क्रियापदं वेगळी असतात. इंग्रजी सगळ्यांना 'यू' म्हणून मोकळी होते. मराठीला ते परत आणता येतं. पण त्यासाठी इंग्रजीवर न विसंबता, भाषा जाणणाऱ्या माणसासोबत मूळ आवाज ऐकत एकेक वाक्य तपासावं लागतं. आई मुलीच्या जोडीदाराला कुठवर 'तुम्ही' म्हणते आणि कुठल्या वाक्याला 'तू' म्हणते, ती जागा चुकली तर अख्खा चित्रपट चुकला.

सुरुवात 'फायर'नं करू नये. आई-वडील दारातच आखडतात. सुरुवात करावी 'ऑल शॅल बी वेल'नं: दीड तासाचा, साठीतल्या दोघी, शय्यागृहातलं काही नाही.

(दृश्य: घराच्या किल्ल्या. एक रिकामी खुर्ची.)

हाँगकाँग, 2024, दिग्दर्शक रे युंग. बर्लिनच्या महोत्सवात त्याला टेडी, म्हणजे समलिंगी विषयांवरच्या चित्रपटांचा पुरस्कार मिळाला. अँजी आणि पॅट, चाळीस वर्षांहून जास्त संसार. सणाच्या जेवणाला पॅटचा भाऊ, भावजय, भाचरं सगळी यांच्याच घरी. अँजी सगळ्यांना घरची. आग्रहाचा काळ केव्हाच सरलेला. मग पॅट अचानक जाते. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर, मृत्युपत्र नाही. तिला अस्थी समुद्रात सोडायला हव्या होत्या, भाऊ म्हणतो अस्थिगृहात ठेवू. हळूहळू, आवाज न चढवता, अँजीचं घर तिच्या पायाखालून सरकतं.

या चित्रपटात दुष्ट कुणी नाही. भाऊ रात्रपाळीला पार्किंगवर पहारा देतो, भावजय हॉटेलातल्या खोल्या साफ करते, मुलं खुराड्यांत राहतात. त्यांना घराची गरज आहे आणि कायदा त्यांना वारस म्हणतो. चाळीस वर्षांचं प्रेम एका कागदाअभावी कमी पडतं.

तैवाननं 24 मे 2019 ला समलिंगी लग्नांना मान्यता दिली, थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून कायदा लागू आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचा हक्क दिला नाही. जोडीनं मूल दत्तक घेण्याचा हक्कही तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला गेला. 'बधाई दो' या हिंदी चित्रपटातल्या सुमी आणि शार्दूल या दोघा समलिंगींचं सोयीचं लग्न दत्तक मुलासाठी टिकून राहतं, त्यामागं हेच गणित आहे.

म्हणजे उंचगाव नाहीतर कळंब्यात दोघींनी फ्लॅट घेतला आणि तो एकीच्या नावावर असला, तर काय? ती अविवाहित हिंदू असेल, मूल नसेल आणि मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मिळकत आई-वडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भावा-बहिणींकडे जाते. जोडीदार त्या यादीत कुठंच नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं तरी तेवढ्यानं मालकी येत नाही. तो कारभारापुरता असतो. बँकेत जोडीनं खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्र सरकारनं 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलं आहे. कुणी काउंटरवर अडवलं तर ही तारीख सांगावी.

मृत्युपत्राला मात्र स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद चालतो, हातानं लिहिलेलंही चालतं. मिळकतीचं वर्णन सिटी सर्व्हे क्रमांकासह, जोडीदाराचं पूर्ण नाव-पत्ता, प्रत्येक पानावर सही, तारीख. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. वय झालं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं. वाद बहुतेक वेळा 'तिला समजत नव्हतं' इथूनच सुरू होतो. आणि दोन साक्षीदार.

(दृश्य: तेच स्वयंपाकघर. जेवणं उरकलेली. टेबल पुसलेलं, त्यावर दोन कागद.)

साक्षीदार शेजारचे असले तरी चालतात. ज्याला मिळकत मिळणार तो साक्षीदार नसावा, एवढी काळजी घ्यावी. साक्षीदारानं मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, सही होताना त्यानं पाहिली म्हणजे पुरे. तरीही सख्खा भाऊ तयार असेल तर त्याला आधी पूर्ण वाचून दाखवावं, मग सही घ्यावी. उद्या हरकत घेण्याचा मान त्याचाच असतो.

पेन निळं घ्या. भावाला चष्मा द्या. सही कुठं करायची, तिथं बोट ठेवून दाखवा.