घंटी वाजते, आवाज येत नाही

[दृश्य: देवगड तालुक्यातली आंबा पॅकिंगची शेड. पेंढा, पेट्यांच्या थप्प्या. टेबलावर काळा आयपी फोन.]

निवेदन:
एप्रिल महिना. वाशी मार्केटातून फोन येतो. मॅनेजर हातातली पेटी खाली ठेवून रिसीव्हर उचलतात. "हॅलो! ओ, आवाज येना नाय!"

गंमत म्हणजे, यांचं ओरडणं वाशीला स्पष्ट ऐकू जातंय. तिकडचा दर मात्र इथे पोचत नाही. मग शिव्या खातं ते बिचारं नेट.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. सरकणाऱ्या ओळी.]

नेटवरून चालणाऱ्या या आयपी फोनमध्ये घंटी वाजवणारा वेगळा आणि आवाज वाहणारा वेगळा. फोन लावणं, वाजवणं, ठेवणं ही कामं सिप या प्रोटोकॉलची, म्हणजे निरोप देण्याघेण्याच्या ठरलेल्या नियमांची. आज वापरात असलेलं त्याचं रूप २००२ सालचं. त्याचे निरोप साध्या मजकुरात असतात, डोळ्यांनी वाचता येतात: इन्व्हाइट, रिंगिंग, उचलला की ओके.

बोलणं सुरू झालं की काम आरटीपी या आवाज वाहणाऱ्या प्रोटोकॉलकडे. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत, आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. साधारणपणे २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे १६० बाइट. अशी सेकंदाला ५० पॅकेट, तीही दोन्ही दिशांना. एखादं हरवलं तर पुन्हा मागवायचं नाही. "पाच डझन"मधला "पाच" उशिरा येऊन करायचं काय?

आता मूळ दुखणं. फोन उचलताना "माझ्यासाठीचा आवाज इथे पाठवा" असा पत्ता सिपच्या निरोपातच जातो. शेडमधल्या फोनला ठाऊक असतो तो फक्त आतला पत्ता, १९२.१६८ने सुरू होणारा. पाकिटावर 'चुलीमागची खोली' एवढंच लिहावं, तसं. राउटर निरोपाच्या वरचा पत्ता बदलतो, पोटातला तसाच राहतो. वाशीचा आवाज त्या पत्त्यावर निघतो आणि वाटेतच संपतो.

[दृश्य: राउटरची सेटिंग. कर्सर एका चौकटीवर.]

हे दुरुस्त करायला पुष्कळ राउटरांत 'सिप एएलजी' नावाची सोय असते. ती निरोप उघडून पत्ता बदलते, आणि बरेचदा भलतंच काही करून ठेवते. म्हणून फोन बसवणारी पोरं आल्या आल्या आधी ती बंद करतात. मग फोन स्टन सर्व्हरला विचारून आपला बाहेरचा पत्ता शोधतो, नाहीतर कंपनीचा सर्व्हर आवाज मधे झेलून पुढे देतो.

[दृश्य: ढग. शेडमधले दिवे जातात.]

वळवाच्या पावसात लाइट गेली तरी जुना लँडलाइन चालायचा. त्याला ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटरीतून तांब्याच्या तारेनेच यायचे. आयपी फोनलाही वीज नेटच्या केबलमधूनच मिळते, पण ती देणारा नेटवर्क स्विच, म्हणजे फोनच्या केबली जोडायचा डबा, याच शेडमध्ये, याच मीटरवर. यूपीएस आहे, पण त्यावर राउटर आणि बिलिंगचा कॉम्प्युटर. स्विच जोडायचा राहून गेलाय.