कोड उडवला, निकालही गेले

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या गॅरेजांत रोज घडतं तेच आधी घेऊ. चेक इंजिनचा दिवा लागलाय, गिऱ्हाईक घाईत आहे. आपण स्कॅनर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड उडवतो, नाहीतर बॅटरीची वायर काढून पुन्हा लावतो. दिवा गेला, गिऱ्हाईक खूश. इथं पीयूसीलाही अडत नाही. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा, तिथं मोजतात ते सायलेन्सरच्या तोंडाशी. गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी काही विचारत नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत त्यालाच विचारतात. १९९६ पासूनच्या मॉडेलांत डॅशबोर्डखालच्या सॉकेटला वायर जोडतात. तुमच्यापैकी कुणाची पोरं तिकडं असतील तर हा फोन आला असेल: "दिवा बंद, गाडी झकास पळते, तरी नापास!" कारण कोड उडवला की गाडीनं स्वतः केलेल्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात. मिसफायरवर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्यावर, तिची नजर सतत असते. पण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर यंत्रणा, पेट्रोलच्या वाफेची गळती, यांची तपासणी ठरावीक परिस्थिती जुळली तरच होते. तोवर 'अपूर्ण'. हा बिघाड नव्हे, पेपरच अजून लिहिलेला नाही.

तिथल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शनानुसार १९९६ ते २००० च्या गाडीला दोन आणि २००१ पासूनच्या गाडीला एक तपासणी अपूर्ण चालते. कॅलिफोर्निया आणखी कडक: २००० पासूनच्या पेट्रोल गाडीची फक्त वाफेची तपासणी बाकी चालते. मला हा कडकपणा पटतो. नाहीतर तपासणी केंद्राच्या दारातच कोड उडवून लोक आत शिरले असते की!

मग करायचं काय? आपल्याच रस्त्यांवर समजून घेऊ. गाडी चालवायची, पण कशीही नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर थांबत-थांबत दिवसभर फिरलात तरी कन्व्हर्टरचा निकाल येईलच असं नाही. तो चांगला तापावा लागतो, वेग स्थिर लागतो. मग कॉम्प्युटर त्याच्या पुढचा आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर ताडून बघतो. पुढचा वरखाली होत असताना मागचा बराचसा शांत राहिला, तर कन्व्हर्टर काम करतोय. म्हणून रात्रभर गार झालेली गाडी सकाळी सुरू करा, थोडी आयडलला ठेवा, मग हायवेनं संकेश्वरच्या बाजूला एका वेगात न्या. वंटमुरीच्या उतारावर अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, गिअरमध्येच राहू द्या. बऱ्याच गाड्यांत ईजीआरची तपासणी अशाच वेळी होते. नेमका क्रम कंपनीनुसार बदलतो, तो मॅन्युअलमध्ये बघा.

टाकी मात्र फुल करू नका. वाफेच्या तपासणीला टाकीत मोकळी जागा लागते. साधारण १५ ते ८५ टक्के पेट्रोल असेल तरच बहुतेक गाड्या ती सुरू करतात.

आणि २०१० पासून टप्प्याटप्प्यानं तिकडच्या गाड्यांत कायमस्वरूपी कोड आले. ते स्कॅनरनं जात नाहीत, बॅटरी काढूनही जात नाहीत. दुरुस्तीनंतर गाडी स्वतः तपासते, सगळं ठीक दिसलं तरच ती ते पुसते.