जाळ मोठा हवा: शाम शुई पोचे दाय पाय दोंग

[दृश्य: यिऊ तुंग स्ट्रीट, दिवेलागण. हिरव्या पत्र्याचे गाळे, रस्त्यावर येणारी घडीची टेबलं.]

हाँगकाँग, कौलूनची बाजू. शाम शुई पोमधला यिऊ तुंग स्ट्रीट. दिवेलागणीला गाळ्यांची झापं उघडतात, घडीची टेबलं बाहेर येतात आणि गिऱ्हाईक टेकतं न टेकतं तोच चहाची किटली समोर येते. वाट्या आणि चॉपस्टिक गरम चहाने विसळून घ्यायच्या, ही इथली जुनी रीत. उघड्यावर रांधणाऱ्या या गाळ्यांना दाय पाय दोंग म्हणतात. वातानुकूलित हॉटेलं या शहरात गल्लोगल्ली आहेत. तरी लोक इथे प्लॅस्टिकच्या स्टुलावर येऊन बसतात, ते या जाळासाठी.

[दृश्य: बर्नर, अगदी जवळून. आवाज मूळचाच ठेवावा.]

इथल्या काही गाळ्यांत अजून रॉकेलचा बर्नर चालतो. 1956 पासून सुरू असलेलं ‘ऑय मान सांग’ त्यासाठीच ओळखलं जातं. बर्नर नीट तापलेला नसताना रॉकेल सोडलं तर ज्योत पिवळी येते, वॉकच्या, म्हणजे चिनी कढईच्या, बुडाला काजळी धरते आणि पदार्थाला रॉकेलचा वास लागतो. म्हणून जाळ स्थिर होऊन त्याला एकसुरी घरघर येईपर्यंत वर काही चढत नाही. रेस्टॉरंटातल्या अशा बर्नरची उष्णता घरच्या शेगडीच्या दहापटीच्या घरात असते. बाकी सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

वॉक कार्बन स्टीलचा, पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. पातळ असल्यामुळे जाळ वाढवला की क्षणात तापतो आणि उचलला की लगेच उतरतो. कँटनी, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनकडच्या, पद्धतीच्या वॉकला लांब दांडा नसतो, दोन कान असतात. आचारी डाव्या हाताने घडी घातलेलं फडकं कानाला लावून तो धरतात. फडकं कोरडंच हवं. ओलं असेल तर पाण्याची वाफ होते आणि तळहात भाजतो.

[दृश्य: तांदळाच्या नूडल्सच्या पट्ट्या सुट्या करणारे हात.]

आता इथली परीक्षेची डिश: कोरडे परतलेले हो-फन, म्हणजे तांदळाच्या रुंद नूडल्स, गोमांसाचे काप घालून. ‘कोरडे’ म्हणजे रस्सा नाही, दाटसर सॉसही नाही. चूक झाकायला काही उरतच नाही.

तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण वाफवून त्याची चादर करतात, तेलाचा हात लावतात आणि दोनेक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापतात. पट्ट्या त्याच दिवशीच्या हव्यात. फ्रिजमध्ये ठेवल्या की स्टार्च आवळतो, पट्ट्या ताठ होतात आणि वॉकमध्ये पडताच मोडतात. एकीला एक चिकटलेल्या पट्ट्या हाताने सोडवून ठेवणं हे वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम आहे. ते टाळलं तर आयत्या वेळी वॉकमध्ये गोळा होतो आणि तो सोडवण्याच्या नादात सगळ्याचा चुरा.

मांस धाग्याला आडवं, तीन मिलिमीटर जाडीने कापायचं. तीनशे ग्रॅमला पाव चमचा खायचा सोडा, दीड चमचा कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा सोया सॉस, थोडं तेल. अर्धा तास मुरू द्यायचं. सोड्यामुळे मोठ्या आचेवरही काप मऊ राहतात. हात सैल सुटला तर मात्र साबणासारखी चव येते आणि काप बुळबुळीत लागतात.

[दृश्य: वॉकमधून धूर. तेल फिरवून ओतून टाकणं.]

वॉकमधून धूर निघाला की पळीभर तेल घालून ते कडेपर्यंत फिरवायचं आणि ओतून टाकायचं. मग नवं, थंड तेल. पहिलं तेल पत्र्यावर थर धरतं, दुसऱ्यात पदार्थ परततो. हा टप्पा गाळला तर पट्ट्या बुडाला धरतात.

मांस पाऊण शिजलं की बाहेर. मग कांदा आणि मुगाचे मोड, पंधराएक सेकंद. वॉक पुन्हा धुरावर आला की नूडल्स. एका वेळी एक, फार तर दोन प्लेटींचाच माल. चार प्लेटींचा एकदम टाकला की वॉक थंडावतो, पाणी सुटतं, ते उडून जायला जागा राहत नाही, आणि परतलेल्याऐवजी वाफवलेले नूडल्स पानात पडतात. घाईच्या वेळी सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

सोया सॉस नूडल्सवर ओतायचा नाही, वॉकच्या तापलेल्या कडेवरून सोडायचा. कडेवर तो चर्र होतो, साखर करपण्याच्या जरा अलीकडे येते आणि त्या वासासकट खाली उतरतो. फिकट सोया चवीपुरता. गडद सोया रंगापुरता, प्लेटीला छोटा चमचा, त्यापेक्षा जास्त झाला तर कडू. शेवटी मांस परत, वर पातीचा कांदा.

[दृश्य: वॉक उडवणं, संथ गतीत. हे पूर्ण चालू द्यावं.]

पळीने ढवळलं तर पट्ट्या तुटतात, म्हणून उडवायचं. वॉक पुढे ढकलायचा, त्याच वेळी कलवायचा आणि मागे ओढायचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या हंगतांग को आणि डेव्हिड हू यांनी 2020 मध्ये फ्राइड राइस उडवणाऱ्या आचाऱ्यांच्या हालचाली मोजल्या. एक फेरी सेकंदाच्या साधारण तिसऱ्या भागात पूर्ण होते. दाणा जाळावर तापतो, हवेत जाऊन किंचित निवतो, पुन्हा तापतो. म्हणून एवढ्या उष्णतेत तो करपत नाही. कडेवरून उडालेले तेलाचे थेंब पेट घेतात, ती भडक ज्योत कॅमेऱ्यात दिसतेच. कँटनी लोक ज्याला ‘वोक हेय’ म्हणतात त्या धुरकट वासात तिचाही वाटा आहे. चिनी रेस्टॉरंटांतल्या आचाऱ्यांमध्ये खांद्याच्या दुखण्याचं प्रमाण 64.5 टक्के असल्याचा उल्लेख त्याच शोधनिबंधात आहे.

[दृश्य: तिसऱ्यांची टोपली, काळ्या सोयाबीनची वाटी.]

शेजारच्या टेबलावर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, आंबवलेल्या काळ्या सोयाबीनमध्ये परतलेल्या. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ घालून त्या दोनेक तास ठेवल्या की वाळू सोडतात. गोड्या पाण्यात ठेवल्या तर मरतात आणि वाळू आतच राहते. शिजूनही जी उघडत नाही ती टाकायची.

[दृश्य: गाळ्यात लावलेला परवाना.]

महायुद्धानंतर ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने हे परवाने दिले ते पोटापाण्याची सोय म्हणून. सेवेत मरण पावलेल्या किंवा जायबंदी झालेल्या सरकारी नोकरांच्या कुटुंबांना ते मिळाले. 1956 मध्ये नवे परवाने बंद झाले. असलेला परवाना मालकाच्या मृत्यूनंतर फक्त नवरा किंवा बायकोच्या नावावर होऊ शकत होता. दोघंही नसतील तर तो रद्द. 1983 पासून सरकारने परवाने परत विकत घ्यायला सुरुवात केली. पुढे नियम थोडा सैल झाला आणि काही ठिकाणी जवळच्या नातलगांचा विचार होऊ लागला. पण आत्ता आपण ज्यांचे हात पाहिले, ते आचारी मालकाच्या नात्यातले नसतील तर त्यांचं नाव या नियमात बसत नाही. परवाना राखायचा तो कामासाठी राखायला हवा, आणि काम या हातांत आहे. सबंध शहरात असे गाळे आता तीसही उरलेले नाहीत.

[दृश्य: प्लेट टेबलावर. टेबल वॉकपासून दोन पावलांवर.]

प्लेट आली की लगेच खायला घ्यावी. वोक हेयचा वास काही मिनिटांत विरतो आणि नूडल्स निवल्या की पुन्हा चिकटू लागतात. पार्सल नेलं तर बंद डब्यात वाफ धरते आणि मुगाचे मोड लिबलिबीत होतात. खाऊन झाल्यावर प्लेटीचा तळ बघावा. नुसती चकाकी असेल तर वॉक पुरेसा तापलेला होता. तेलाचं तळं साचलं असेल तर आचाऱ्याने जाळाची कसर तेलाने भरून काढली. जागा निवडता आली तर बर्नरजवळचं टेबल घ्यावं, उकाडा सोसावा लागला तरी.