झोतभट्ट्यांच्या गावातला इटालियन पंधरवडा

(दृश्य: धुक्यातला उतरता रस्ता. दोन्ही बाजूंना एकमेकींना खेटून कामगारांची घरं.)

ऑक्टोबर अर्धा सरला की फ्रान्सच्या ईशान्येला, लक्झेंबर्गच्या हद्दीवर वसलेल्या व्हिलरू गावात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: यंदा कोणकोणते सिनेमे येतायत?

सिनेमे म्हणजे इटालियन. इटली इथून शेकडो किलोमीटर लांब, मध्ये आल्प्स. गावाची वस्ती जेमतेम दहा हजार. समुद्रकिनारा नाही, जुना राजवाडा नाही, बघायला मुद्दाम यावं असं म्हटलं तर काहीच नाही. तरीही 1976 साली इथे इटालियन चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, तो आजही ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. चांगल्या वर्षी प्रेक्षकसंख्या तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. म्हणजे गावाच्या तिप्पट-चौपट.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. खाणीचं तोंड, ढकलगाड्या, टोपीवाले पुरुष.)

याचं मूळ जमिनीखाली आहे. लोरेनच्या या टेकड्यांत ‘मिनेत’ नावाचं लोहखनिज मुबलक, पण त्यात फॉस्फरस इतका की पोलाद ठिसूळ व्हायचं. 1878 च्या सुमारास गिलख्रिस्ट आणि थॉमस या दोन इंग्रजांनी फॉस्फरस वेगळा काढायची रीत शोधली आणि या मातीला एकदम भाव आला. खाणी खोदल्या गेल्या, व्हिलरूत मिशविलचा पोलाद कारखाना वाढत गेला. मात्र कामाला माणसं पुरेनात. मग उंब्रियातून, मार्केतून, फ्रिउलीतून माणसं येऊ लागली. आधी एकटे पुरुष. ते खाणावळींत राहायचे, तिथेच जेवायचे, आणि खाणावळ चालवणारी बाईही बहुधा त्यांच्याच मुलखातली असायची. पुढे बायकामुलं आली. मुसोलिनीच्या राजवटीतून पळालेलेही आले.

स्वागत काही प्रेमानं झालं नाही. ‘माकारोनी’ म्हणून चिडवणं, कामावर मारामाऱ्या, मंदी आली की आधी यांनाच परत पाठवायचं. हे सगळं सोसूनही बरेचसे टिकले. त्यांनी संघटना बांधल्या, आणि गावची नगरपालिका पुढे अनेक दशकं कम्युनिस्टांकडे राहिली.

(दृश्य: आजची मिशविलची जागा. बांधकाम, क्रेन, मागे उंच दगडी भिंत.)

1976 साली महोत्सवाची कल्पना निघाली ती गावातल्या तरुण पोरांच्या डोक्यातून. वेळ पाहा. कारखान्यांचे वाईट दिवस तेव्हा उंबरठ्यावर होते. दोनच वर्षांनी शेजारच्या लाँवी खोऱ्यात हजारोंच्या कपातीची घोषणा झाली. 1979 मध्ये कामगार रस्त्यावर उतरले; संघटनेनं स्वतःचं रेडिओ केंद्रसुद्धा चालवलं. लढा मोठा झाला, पण कारखाने वाचले नाहीत. ऐंशीच्या दशकात मिशविलचा कारखाना बंद पडला. शेजारच्या ओदं-ल-तीश गावातली ‘तेर रूज’ ही फ्रान्समधली शेवटची लोखंडाची खाण 1997 च्या जुलैत बंद झाली.

आता इथली माणसं सकाळी मोटारींच्या रांगांतून लक्झेंबर्गला कामाला जातात. पगार तिकडचा, घर इकडचं. कारखाना गेला, खाण गेली, सिनेमा राहिला.

(दृश्य: अंधाऱ्या सभागृहात पडद्याचा उजेड पडलेले चेहरे.)

आपल्याकडे इटालियन सिनेमा मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा दिसला तो 1952 साली, मुंबईत सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहून आपले कितीतरी दिग्दर्शक भारावले. त्यांच्यासाठी ती एका परक्या देशाची ओळख होती. व्हिलरूतल्या प्रेक्षकाची तऱ्हा वेगळीच. पडद्यावरचे हातवारे त्याला ओळखीचे, जेवणाच्या टेबलावरची भांडणं ओळखीची, आजीचा राग तर अगदी घरातला. पण संवाद कळायला खालची फ्रेंच ओळ वाचावी लागते. आजोबा जे बोलायचे ती गावाकडची बोली होती, आणि तीही नातवंडांपर्यंत धड पोहोचली नाही.

मला विचाराल तर हा महोत्सव कान किंवा व्हेनिस शहरांतल्या महोत्सवांपेक्षा पाहण्यासारखा आहे तो यासाठी. तिथे सिनेमा जगाला दाखवतात. इथे तो नातेवाइकांना दाखवतात, आणि नातेवाईक भिडस्त नसतात. सिनेमा आवडला नाही तर दिग्दर्शकाला तोंडावर ऐकवतात.

(दृश्य: हातात छापील कार्यक्रमपत्रिका, पेनानं केलेल्या खुणा.)

कार्यक्रमपत्रिका हाती पडली की खरी धांदल. चित्रपट साठ-सत्तर, जागा अनेक, आणि त्या एकाच गावात नाहीत. काही खेळ व्हिलरूत, काही ओदं-ल-तीशला, काही थेट सीमेपलीकडे लक्झेंबर्गमधल्या एश शहरात. तिथलं ‘कुल्तुरफाब्रिक’ हे केंद्र पूर्वी कत्तलखाना होतं. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर ओदं जर्मनीत गेलं होतं आणि व्हिलरू फ्रान्समध्ये राहिलं होतं. ज्या हद्दीवर तेव्हा पहारे होते ती आज लोक दुपारचा खेळ संपवून संध्याकाळचा गाठायला ओलांडतात, आणि गाडी लावायला जागा मिळेल का याचीच चिंता करतात.

दोन खेळांच्या मध्ये पास्ता. याबद्दल लोक चित्रपटांइतक्याच गांभीर्यानं बोलतात. लांब टेबलं, कागदी ताटं, शेजारी कोण बसलंय ते बघायचं नाही. थोड्या वेळात तोच माणूस तुम्हाला सकाळच्या सिनेमाचा शेवट कसा चुकला ते सांगू लागतो.

(दृश्य: लोखंडी शिल्पाचं जवळून चित्रण.)

पारितोषिकाचं नाव ‘आमिल्कार’. आमिल्कार झान्नोनी हा इथलाच, लोखंडात काम करणारा शिल्पकार. त्याच्या नावानं ज्यूरीचा, पत्रकारांचा, प्रेक्षकांचा आणि चित्रपटगृहचालकांचाही पुरस्कार दिला जातो. त्यातला चित्रपटगृहचालकांचा मला सर्वांत कामाचा वाटतो. इटलीत दरवर्षी निघणाऱ्या चित्रपटांपैकी फार थोडे फ्रान्समधल्या थिएटरांत लागतात. बाकीच्यांना वितरकच मिळत नाही. अशा सिनेमाला इथे भरलेलं सभागृह मिळतं, आणि ते दृश्य बघणाऱ्यांत थिएटर चालवणारी माणसंही असतात. नव्या दिग्दर्शकासाठी ही संधी लाल गालिच्यावरच्या फोटोपेक्षा मोठी.

(दृश्य: शाळेच्या बसमधून उतरणारी मुलं.)

दिवसा शाळांसाठी वेगळे खेळ असतात. या मुलांची आडनावं आता नुसती इटालियन नाहीत. पोलिश आहेत, पोर्तुगीज आहेत, अल्जेरियन आहेत. त्यांचे पूर्वजही याच खाणींच्या ओढीनं आलेले. इटलीशी नातं नसलेल्या मुलाला हा सिनेमा का पाहावासा वाटेल, हा प्रश्न संयोजकांपुढे दरवर्षी नव्यानं उभा राहतो. त्यावर त्यांनी एक उपाय केला आहे: तरुणांची वेगळी ज्यूरी आणि तिचा स्वतःचा आमिल्कार. मोठ्यांनी ज्याला डोक्यावर घेतलं तोच सिनेमा पोरांना आवडेल याची खात्री नाही. यंदा दोघांचं जमतं की नाही, यावर पैजा आधीच लागल्या असतील.